शेवटच्या पाच सेकंदांत उगवणारा तो : कार्डांचे ऑनलाइन लिलाव आणि आपले प्रतिस्पर्धी

शेवटचा_चेंडू (धागाकर्ता)

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी बास्केटबॉलची कार्डं जमवतो, तीही एकाच खेळाडूची. हा खेळाडू जॉर्डन-लेब्रॉनच्या पंगतीतला नव्हे. संघात होता तेव्हाही निम्मा वेळ बाकावर बसून टाळ्या वाजवायचा. नाव सांगत नाही, नाहीतर तुमच्यातूनच तिसरा कोणीतरी उपटायचा. त्याच्या रूकी, म्हणजे पदार्पणाच्या, वर्षातल्या एका सेटचा रेनबो मला पुरा करायचाय. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: एकाच कार्डाच्या वेगवेगळ्या रंगांच्या आवृत्त्या निघतात, त्यांना पॅरलल म्हणतात. एखाद्या रंगाची १९९ छापतात, एखाद्याची ९९, मग २५, १०, ५ आणि शेवटी एकुलतं एक. प्रत्येकावर फॉइलमध्ये नंबर ठोकलेला असतो, १४/२५ असा. सगळे रंग एकेक करून जमले की रेनबो झाला.

आता असल्या खेळाडूचं कार्ड जगात कोणाला हवं असणार? मला. आणि आणखी एका प्राण्याला. बोलीच्या इतिहासात त्याचं नाव साइट झाकून ठेवते, दिसतं फक्त क*७. मी पहिल्याच दिवशी बोली लावतो. आठवडाभर हिरव्या अक्षरांत 'तुमची बोली सर्वाधिक आहे' असं झळकत राहतं. शेवटची पाच-सहा सेकंदं उरली की पान एकदा लुकलुकतं आणि अक्षरं लाल. दर वेळी एकच पायरी वर! मी साठ डॉलर लावले तर तो एकसष्टला नेतो. नव्वद लावले तर एक्याण्णवला. २५वालं जितक्या वेळा विक्रीला आलं तितक्या वेळा ह्यानेच उचललं.

माझी कमाल बोली त्याला दिसते का? विक्रेत्यांशी साटंलोटं आहे का? एवढं नेमकं एका डॉलरने कोणी कसं काय जिंकू शकतं? बरं, मी एकटाच असतो तर हेच कार्ड सुरुवातीच्या भावात मिळालं असतं. आता दहापट भावाला जातंय आणि तरी मिळत नाहीये.

हातोडा

एका डॉलरने हरलात हे आधी डोक्यातून काढून टाका.

ईबेसारख्या साइटवर तुम्ही टाकता तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. साइट तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. तुमची कमाल ६०, त्याची ८५. तर भाव कुठे थांबणार? तुमच्या साठावर एक पायरी, म्हणजे ६१. (२५ ते १०० डॉलरच्या टप्प्यात तिथली पायरी एक डॉलरची असते, पुढे वाढत जाते.) म्हणजे तुम्ही हरलात पंचवीस डॉलरने, दिसलं मात्र एकाच डॉलरने. त्याची कमाल ८५ होती की ८५०, हे लिलाव संपल्यावरही तुम्हाला कळत नाही. जिंकणाऱ्याची कमाल साइट कोणालाच दाखवत नाही. हरणाऱ्याची मात्र आपोआप उघडी पडते.

तेव्हा 'अजून दोन डॉलर टाकले असते तर' ही हळहळ फुकट आहे. टाकले असते तर तो ६३ला घेऊन गेला असता, आणि तुम्ही म्हणाला असता की पुन्हा एकाच डॉलरने हरलो!

ह्यामागे जुना अभ्यास आहे. १९६१मध्ये विल्यम व्हिकरी यांनी मांडलं होतं की बंद लिफाफ्यात बोली असेल, जिंकेल त्याने दुसऱ्या क्रमांकाची रक्कम भरायची असेल, तर आपला खरा आकडा लिहिण्यातच हित असतं. कमी लिहिलं तर वस्तू जाते, जास्त लिहिलं तर नको त्या भावाला गळ्यात पडते. १९९६ला त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते गेले.

सातवा_खेळाडू

खिक्! तो क*७ सुद्धा कुठेतरी असाच धागा काढून बसला असणार. 'श*डू नावाचा एक प्राणी माझा खर्च वाढवतोय.'

अर्धशतक

मी विकतो, म्हणून विक्रेत्याच्या बाजूने दोन शब्द. सातवा_खेळाडू यांनी गमतीत लिहिलंय, पण शब्दशः खरं आहे. भाव जिंकणारा ठरवत नाही, दुसरा येणारा ठरवतो. अशा अनोळखी खेळाडूंच्या कार्डांना तीन वेडे लागत नाहीत, दोन पुरतात. दोघांतल्या एकाने रस सोडला की पुढच्या महिन्यात तसंच कार्ड सुरुवातीच्या बोलीवर पडून असतं. मी पाहिलंय हे: आदल्या विक्रीवर विसंबून कोणीतरी तोच रंग लगेच विक्रीला काढतो आणि कपाळावर हात मारून घेतो, कारण जिंकणाऱ्याला ते मिळालेलं असतं नि आता फक्त हरलेला एकटा उरलेला असतो.

धागाकर्ते, म्हणजे तुमच्यासाठी चांगली बातमी हीच की तो जिंकला की पुढचं तुम्हाला स्वस्तात मिळायला हवं. मिळत नाही, ह्याचा अर्थ तो एकेक जमवणारा नाही. तो सगळी गोळा करतोय. ह्यावर विचार करा.

मधली_फळी

हातोडा यांच्याशी बाडीस (सहमत), फक्त एक भर.

कमाल बोली पहिल्या दिवशी टाकायची की शेवटच्या सेकंदाला, व्हिकरींच्या हिशेबात फरक पडत नाही. प्रत्यक्षात पडतो. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांचा २००२मध्ये छापून आलेला अभ्यास ह्यावरच आहे. तेव्हा ॲमेझॉनसुद्धा लिलाव चालवायची. दोन्हीकडे नियम जवळपास सारखे, फरक फक्त शेवटाचा. ईबेवर घड्याळ संपलं की संपलं. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर लिलाव पुढे सरकायचा. शेवटच्या क्षणी बोली टाकणारे ईबेवर खूपच जास्त सापडले. ज्यांचा अनुभव जास्त, ते तिथे आणखी उशिरा टाकत होते.

कारण साधं आहे. आपल्यातल्या बहुतेकांना स्वतःचा 'खरा आकडा' ठाऊकच नसतो. समोरच्याने बोली लावली की वाटतं, अरे, ह्यालाही हवंय, म्हणजे काहीतरी असणार. मग साठाचे सत्तर होतात. तुम्ही पहिल्या दिवशी बोली लावून आठवडाभर बोर्ड टांगून ठेवताय, की इथे एक गिऱ्हाईक बसलंय. समोरचा सहा दिवस विचार करतो, जुने भाव चाळतो, मन घट्ट करतो. तो शेवटच्या पाच सेकंदांत येतो तेव्हा तुम्हाला असा विचार करायला वेळच उरत नाही. त्याची सगळी हुशारी एवढीच.

रद्दीतलं_सोनं

ह्याला हुशारी म्हणायचं? मी गेली अनेक वर्षं जुनी कार्डं घेतोय. मला हे स्नाइप प्रकरण, म्हणजे शेवटच्या क्षणी बोली टाकून कार्ड उचलणं, मुळातच चोरटं वाटतं. लिलाव म्हणजे समोरासमोर. हात वर करा, किंमत सांगा, समोरच्याला उत्तर द्यायची संधी द्या. इथे तर सॉफ्टवेअरला आकडा देऊन झोपून जातात, बोली यंत्र टाकतं. आणि मग सकाळी उठून 'जिंकलो' म्हणायचं!

मधली_फळी

@रद्दीतलं_सोनं, बंद लिफाफ्यात तरी कोण कोणाचा हात बघतो? तुम्हाला समोरच्याला उत्तर द्यायचंय, म्हणजे तुमची कमाल ही कमाल नव्हतीच. मी सेवा वापरते, आकडा लिहिते आणि विसरून जाते. पडद्यासमोर बसून राहिले की हात शिवशिवतो, हा माझा स्वभाव मला माहीत आहे. सॉफ्टवेअर मला समोरच्यापासून वाचवत नाही, माझ्यापासून वाचवतं.

रद्दीतलं_सोनं

असेल. मला नाही पटत.

तिकीट_कलेक्टर

साटंलोटं असू शकतं का, हा प्रश्न तसाच राहिला. असू शकतं. फक्त तुम्ही वर्णन करताय ते तसं दिसत नाही.

खोटी बोली, म्हणजे शिल, लावणाऱ्याला जिंकायचं नसतं. त्याला तुम्हाला चढवायचं असतं. त्यामुळे तो शेवटच्या पाच सेकंदांत सहसा येत नाही, चुकून कार्ड गळ्यात पडलं तर पंचाईत. तो मध्येच येतो आणि टोचून बघतो: ४०, ४२, ४५, ४८... तुमची कमाल लागेपर्यंत. दुसरी युक्ती जास्त घाणेरडी. एकदम ५०० टाकायचे, भाव तुमच्या कमालीवर एक पायरी जाऊन थांबतो, म्हणजे तुमचा आकडा उघडा पडला. मग 'आकडा टाकताना चूक झाली' म्हणून बोली मागे घ्यायची आणि दुसऱ्या खात्यावरून तुमच्या जरासं खाली बोली लावायची. ईबेवर म्हणूनच शेवटच्या बारा तासांत टाकलेली बोली फक्त तासाभराच्या आत मागे घेता येते. त्याआधी टाकलेली मात्र शेवटचे बारा तास सुरू होईपर्यंत घेता येते, आणि खेळ तिथेच होतो. शेवटच्या क्षणी बोली लावणाऱ्यावर ही युक्ती चालत नाही. मधली_फळी यांच्या बाजूला हाही एक मुद्दा.

बोलीच्या इतिहासात नावावर टिचकी मारली तर गेल्या तीस दिवसांत त्या माणसाने ह्याच विक्रेत्याकडे किती टक्के बोली लावल्या ते दिसतं. शंभर टक्के, किती तरी बोली, एकही जिंकलेली नाही आणि मागे घेतलेल्या बऱ्याच, असं चित्र असेल तर पळा. नुसता फीडबॅक (आधीच्या व्यवहारांवरचे शेरे) कमी आहे म्हणून कोणाला चोर ठरवू नका, नवे लोकही कार्डं घेतात.

अवांतर: मोठ्यांकडेही हे झालंय. अमेरिकेतल्या मॅस्ट्रो ऑक्शन्स ह्या लिलावगृहाचे बिल मॅस्ट्रो यांनी २०१३मध्ये टपाल फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. त्यात खोट्या बोल्यांनी भाव चढवणं होतं. १९०९-११च्या टी२०६ ह्या कार्डमालिकेतलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं जे सगळ्यांत प्रसिद्ध कार्ड, हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीने भागीदारीत १९९१ला ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलेलं, त्याच्या कडा कापल्याचंही त्यांनी त्यातच मान्य केलं. २०१५ला वीस महिन्यांची शिक्षा झाली. पीएसए ही कंपनी कार्डं तपासून ग्रेड, म्हणजे दर्जाचा आकडा, देते; तिने ग्रेड दिलेलं पहिलंवहिलं कार्ड म्हणजे हेच!

शेवटचा_चेंडू (धागाकर्ता)

बापरे. तपासलं. क*७च्या बोल्या वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे आहेत, मागे घेतलेली एकही नाही. म्हणजे सज्जन निघाला. आता जास्त राग येतोय.

हातोडा, ६१चं गणित कळलं. ८५ टाकायला हवे होते का मग?

हातोडा

८५ हा मी उदाहरणाला घेतलेला आकडा. त्याची कमाल खरंच तेवढी असती तर ८५ टाकून बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत ज्याची बोली आधीची त्याला कार्ड. आकडा गोल ठेवू नका एवढं नक्की सांगतो. ८५, ९०, १०० असे सगळेच टाकतात. ८६.३७ टाका. समोरच्याची कमाल ओलांडली की जिंकायला पुरी पायरी वर असावं लागत नाही, काही सेंटसुद्धा पुरतात.

पण मूळ प्रश्न 'किती टाकायला हवे होते' हा नाहीच. त्याच्याकडे बघून तुमचा आकडा ठरवायला लागलात की संपलं.

निळी_शाई

मोठ्या लिलावगृहांकडे ह्यातलं काही चालत नाही हे नव्यांनी लक्षात ठेवावं. तिथे वाढीव वेळ असते: ठरलेल्या वेळेनंतर एखाद्या लॉटवर (लिलावातल्या एका नगावर) बोली आली की घड्याळ पुन्हा मागे जातं. काही ठिकाणी तर वेळ संपण्याआधी त्या लॉटवर एकदा तरी बोली लावलेली असेल तरच पुढच्या फेरीत शिरता येतं. दोन हट्टी लोक भेटले की अपरात्रीपर्यंत चालतं. मी एकदा जागत बसलो होतो. समोरचा प्रत्येक वेळी घड्याळ शून्यावर यायच्या बेतात असतानाच उत्तर द्यायचा, अगदी शांतपणे. त्या शांतपणानेच मला हरवलं.

आणि वर खरेदीदाराचं अधिमूल्य, म्हणजे जिंकलेल्या बोलीवर लिलावगृह आपल्याकडून घेतं ती जास्तीची रक्कम. ते २० टक्के धरलं तर तुमची मर्यादा १२०० असताना बोली १०००लाच थांबवायला हवी. झोपेच्या गुंगीत हा भागाकार कोणीही करत नाही, आणि लिलावगृहाला ते चांगलं ठाऊक असतं.

चौकोनी_कडा

निळी_शाई यांचं वाचून आठवलं. जॉर्डनचं १९८६-८७चं फ्लीअर कंपनीचं रूकी कार्ड. पीएसए १० ह्या सगळ्यांत वरच्या ग्रेडची तीनशेहून जास्त आहेत, म्हणजे अगदीच दुर्मीळ नव्हे. जानेवारी २०२१मध्ये एकाच लिलावात दोन कार्डं प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली. वर्ष सरायच्या आत भाव निम्म्याखाली. त्या रात्री जे दुसरे आले, त्यांनी हळहळत लॉगआउट केलं असेल. आज त्यांच्याइतके सुखी तेच.

पण मला धागाकर्त्यांच्या प्रश्नावर लिहायचं होतं. अर्धशतक म्हणतात ते बरोबर आहे, तो सगळी गोळा करतोय. काही लोक एका रंगाची पंचवीसच्या पंचवीस जमवायच्या मागे असतात. अशा माणसाशी २५वाल्यावर भांडून उपयोग नाही, कारण एक जिंकून त्याची भूक भागत नाही. पण त्याचं एक दुखणं असतं. त्याच्याकडे डुप्लिकेट साचतात. आणि पैसे अमर्याद नसतात.

मी तुमच्या जागी असते तर दोन गोष्टी केल्या असत्या. एक, १९९ आणि ९९वाल्यांवर एक पैसाही वाया घालवला नसता, ती पुन्हा पुन्हा येतात. सगळा जोर पाचवाल्यावर आणि एकुलत्या एकावर. दोन, त्याला शोधलं असतं. साइट नाव झाकते, कार्ड झाकत नाही. तुम्ही हरलेल्या कार्डाचा फोटो तुमच्याकडे आहे. १४/२५ हा नंबर जगात एकाच कार्डावर आहे. जमवणारे लोक आपला साठा कुठे ना कुठे मिरवतातच. फोटोंतून नंबर जुळवत जा, माणूस सापडेल.

सातवा_खेळाडू

ताई, तुम्ही पोलिसांत होता का?

चौकोनी_कडा

नाही हो. मला एक कार्ड हवं होतं. :)

रद्दीतलं_सोनं

सापडल्यावर काय करायचं? 'ह्या वेळी तू बोली लावू नको, पुढच्या वेळी मी लावत नाही'? हे मला स्नाइपपेक्षा वाईट वाटतं. बोली लावणाऱ्यांनी आपसांत ठरवून भाव पाडायचा म्हणजे विक्रेत्याच्या खिशात हात. अमेरिकेत स्पर्धा कायद्याखाली बोलीतलं संगनमत हा गुन्हा आहे.

अर्धशतक

विक्रेता म्हणून सहमत. माझ्या लिलावावर असं ठरवून कोणी गप्प बसलं तर मला कळणारही नाही, फक्त नुकसान होईल.

चौकोनी_कडा

मी बोली थांबवायला सांगा असं कुठे म्हटलं? लिलावात खुशाल एकमेकांना कुटा. जे त्याच्या खणात आधीच पडलंय त्याची अदलाबदल करायला कोणाची ना? त्याच्याकडे २५वाली ढीगभर. त्याला नसलेलं काहीतरी तुमच्याकडे असणारच. शेवटचा_चेंडू, तुमच्याकडे जर्सी नंबर जुळणारं एखादं आहे का? म्हणजे खेळाडूचा नंबर २३ असेल तर २३/९९. असल्या कार्डासाठी लोक जास्तीचे मोजतात, आणि सगळी गोळा करणाऱ्याला ते नसलं की झोप लागत नाही.

शेवटचा_चेंडू (धागाकर्ता)

आहे. ९९मधलं. जर्सी नंबरचंच.

ते देणार नाही.

सातवा_खेळाडू

=)) =)) =)) म्हणजे तिकडे तो ह्याच कार्डासाठी तळमळतोय, आणि इकडे तुम्ही २५साठी.

मधली_फळी

तुम्हाला रेनबो पुरा करायचाय ना? रेनबोला ९९वालं कुठलंही एक चालतं, दुसरं स्वस्तात घेता येईल. २५वाली मात्र सगळी त्याच्याकडे. जर्सी नंबरचं कार्ड रेनबोच्या हिशेबात फक्त एक ९९ आहे.

शेवटचा_चेंडू (धागाकर्ता)

कळतंय हो. वळत नाहीये. ते कार्ड मी ढिगातून शोधून काढलेलं आहे, विकणाऱ्याला नंबरचं काही पडलेलंच नव्हतं. बघतो. निदान तो माणूस कोण आहे ते तरी शोधतो.

वेताळपंचविशी

धागा वाचनखूण म्हणून साठवला. हातोडांना एक शंका. हरल्यावर विक्रेत्याकडून 'सेकंड चान्स ऑफर' (तेच कार्ड आता तुम्ही घ्या, असा देकार) आली तर घ्यावी का? मला एकदा आली होती, माझ्याच कमाल आकड्याला.

हातोडा

तुमच्याच कमाल आकड्याला येते, तोच घोळ आहे. जिंकणारा खरोखर पैसे न भरता पळाला असेल तर ठीक. पण तो खोटा असेल, तर तो नसताना भाव किती झाला असता ते बोलीच्या इतिहासात बघा. तुमच्या खालच्या माणसाची कमाल तिथे दिसते. त्यावर एक पायरी, एवढीच त्या कार्डाची त्या दिवसाची किंमत. ऑफर नाकारा आणि विक्रेत्याला सांगा की पुन्हा लिलावाला काढ. खरा असेल तर काढेल.

अर्धशतक

काढतो आम्ही. पैसे न भरणारे फार झालेत, प्रत्येक वेळी कट नसतो. पण हातोडा सांगतात तेवढी खात्री करायला हरकत नाही.

शेवटचा_चेंडू (धागाकर्ता)

आत्ताच १०वालं विक्रीला आलंय. ०३/१०. स्लॅबमध्ये (ग्रेड देऊन बंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीत) नाही, कच्चंच आहे. सहा दिवस बाकी. अजून बोली लावलेली नाही, वॉचलिस्टला टाकलंय फक्त. फोटो पुढच्या बाजूचा एकच आहे, तोही तिरका, फॉइलवर दिव्याची तिरीप आलीय.

चौकोनी_कडा

मागच्या बाजूचा फोटो आजच मागवा, शेवटच्या दिवशी विक्रेते उत्तर देत नाहीत. सरळ वरून काढलेला, कव्हरमधून बाहेर काढून. ह्या फॉइलच्या सेटमध्ये मागच्या कडा आधी पांढऱ्या पडतात, पुढून काही कळत नाही. आणि विचारायचं ते खासगी संदेशात विचारा. काही साइट प्रश्नोत्तरं लिस्टिंगखाली सगळ्यांना दाखवतात, तो क*७ वाचत बसेल.